डॉक्टर, मी लेमॅन आहे

"डॉक्टर, एक मिनिट. मी लेमॅन आहे."

हे म्हणायच्या आधी सर उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. पार डोक्यावर नाही, कानाच्या पाळीपर्यंतच. मागच्या बाकावरचा मुलगा शंका विचारायला कचरतो आणि बोट अर्धंच वर करतो ना, तसं. फरक एवढाच की सर कचरायचे नाहीत. ते बोट वर गेलं की माझ्या हातातलं पेन थांबायचं, बाहेर बाकावर बसलेले पेशंट माना लांब करून आत बघायचे आणि माझ्या उजव्या डोळ्यावरची शीर ठणकायला लागायची.

नेरला मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी इतकी गर्दी होते की लोक चपला हातात घेऊन आत येतात, कारण बाहेर काढून ठेवायला जागा नसते. अशा दिवशी एकेका पेशंटला कितीसा वेळ देता येणार? तुम्हीही कधीतरी असल्या बाकावर बसला असाल, आणि आत गेलेला माणूस अजून बाहेर का येत नाही म्हणून चरफडला असाल. आमच्याकडे तो आत गेलेला माणूस हमखास सरांबरोबर आलेला असायचा.

सर स्वतः कधी आजारी नसायचे, हीच तर पंचाईत होती. आजारी माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवता येतं. सर नेहमी दुसऱ्या कोणाबरोबर तरी यायचे. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत एकटे राहणारे. त्या गल्लीत कोणाला चक्कर आली, पायाला मुंग्या आल्या, ताप उतरेना, की तो माणूस आधी सरांकडे जायचा आणि मग सरांना घेऊन माझ्याकडे. मला वाटायचं, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

पहिल्यांदा ते शेवंताबाईंना घेऊन आले. शेवंताबाई त्यांच्या शेजारच्या, वयानं साठीच्या पुढच्या, बोलायला मोकळ्या पण डॉक्टरसमोर गोगलगाय. मी त्यांचा रिपोर्ट पाहिला आणि रोज शंभरदा म्हणते तेच म्हणाले, "शुगर वाढलीये. डाएट सांभाळा, गोळी चुकवू नका, महिन्यानं या." शेवंताबाईंनी जोरजोरात मान डोलावली आणि पदर सावरून उठल्याही. तेवढ्यात भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून बोट वर झालं.

"डॉक्टर, एक मिनिट. मी लेमॅन आहे. डाएट. वाक्यात उपयोग करा."

मला वाटलं, हे गृहस्थ माझी थट्टा करतायत. "म्हणजे काय करू?"

"शब्द तर मिळाला. पण शब्द घेऊन ही बाई घरी काय करणार? हिच्या चुलीवर सकाळी काय शिजतं ते विचारा, आणि मग वाक्य करा."

'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत सोडवला आहे. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. पण एवढी वर्षं डॉक्टरकी केल्यावर भर ओपीडीत तो पुन्हा पेपरात येईल असं वाटलं नव्हतं. मी दात-ओठ खात शेवंताबाईंना भाकर किती, भात किती, चहात साखर अजिबात नाही, असं सगळं सांगितलं.

"झालं?" मी सरांना विचारलं.

"अजून नाही. शेवंताबाई, आता डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या वाक्यात सांगा."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेवंताबाई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ झाल्या. "मॅडमनं सांगतलं का चहात साखर टाकाची नाई. गूळ टाकाचा."

"गूळ नाही हो शेवंताबाई!" मी ओरडलेच.

"अवं माय! मंग तसं म्हना ना बाप्पा."

सर माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते, तेच जास्त झोंबलं. ते गेल्यावर मी ज्योतीला, म्हणजे आमच्याकडे काउंटरवर नंबर लावते तिला, सांगून टाकलं, "हे सर आले की त्यांच्या पेशंटचा नंबर सगळ्यात शेवटी लाव."

आणि आगीतून फुफाट्यात पडले. नंबर शेवटी लावायचा म्हणजे तोवर सर बाहेरच्या बाकावर बसणार. आणि जो माणूस आयुष्यभर वर्गात उभा राहिला, तो गप्प बसणार होय? त्यांनी बाहेरच वर्ग भरवला. शिकवायला शब्द एकच, लेमॅन.

"लेमॅन म्हणजे अडाणी नाही बरं का," मला आत सगळं ऐकू यायचं. "लेमॅन म्हणजे त्या विषयातला नसलेला माणूस. औषधाची गोष्ट निघाली तर मी लेमॅन. इंग्रजीची निघाली तर डॉक्टर लेमॅन. कपाशीची निघाली तर आम्ही दोघंही लेमॅन, आणि हे दादा एक्सपर्ट. यात लाजायचं काय काम? चला, इंग्रजीत वाक्य करा पाहू."

आणि लोक करायचे हो! पोटात कळ येते म्हणून आलेली बाई कळ विसरून वाक्य करायची. मी आत कोणाच्या तरी छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेली, आणि पडद्याबाहेरून यायचं, "माय हजबंड इज अ लेमॅन इन किचन." हशा. "सरपंच इज अ लेमॅन इन नाली." आणखी हशा. "बाईले लेमॅन कसं म्हनाव सर?" असं कोणी विचारलं, तर सरांनी तिला लेपर्सन म्हणायला शिकवलं, पण गल्लीला लेमॅनच पसंत पडला. एक दिवस आमच्या ज्योतीचा आवाज ऐकू आला, "मॅडम इज अ लेमॅन इन भाकर." हे इतकं खरं होतं की मला रागावताही आलं नाही.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. त्यापेक्षा सर आत बसलेले परवडले म्हणून मी त्यांचा नंबर पुन्हा वेळेवर लावायला सांगितला.

पण एका बाजाराच्या दिवशी माझा तोल गेलाच. तापाची साथ होती, माणसं बाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. सर एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आले होते. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीचं मी एकदा सांगितलं, बोट वर. पुन्हा सांगितलं, पुन्हा बोट वर. तिसऱ्यांदा मी पेन टेबलावर आपटलं.

"सर, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही," सर शांतपणे म्हणाले. "म्हणूनच तर विचारतो आहे."

"मग इथून पुढे कोणाबरोबरही आत यायचं नाही. पेशंटला तोंड आहे. त्याला विचारायचं असेल तर तो विचारेल."

"तो विचारत नाही, डॉक्टर. मान हलवतो." एवढं म्हणून सर उठले, हात जोडून "जय भीम" म्हणाले आणि बाहेर गेले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. माणसानं निदान रागवावं तरी! मग आपल्याला आपला राग नीट ठेवता येतो.

चार दिवस बरे गेले. मग माझ्या लक्षात आलं की गर्दी हटतच नाही. आत्ता पाठवलेला माणूस पुन्हा दारात उभा. "मॅडम, ही पांढरी गोळी जेवनाच्या आंधी का मंग?" त्याला सांगून पाठवलं. लगेच दुसरी बाई परत. "मॅडम, थे रक्त तपासलं त्यात काय निंगालं म्हनलं तुमी?" मी ज्योतीकडे पाहिलं. ज्योतीनं खिडकीचा पडदा सरकवला.

समोरच्या टेलरच्या दुकानाच्या पायरीवर सर बसले होते. माझ्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होते, "काय सांगितलं डॉक्टरांनी? तुमच्या वाक्यात सांगा." ज्याला सांगता यायचं तो घरी. ज्याला यायचं नाही त्याला बोटानं माझं दार दाखवायचे. आता फक्त त्यांच्या गल्लीतलेच नाहीत, गावातले सगळेच त्यांचे पेशंट झाले होते.

मी कपाळाला हात लावला. दारात जाऊन रस्त्यापलीकडे ओरडले, "सर, आत या!" अख्खा रस्ता वळून बघायला लागला. सर उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली, रस्ता ओलांडला आणि भिंतीजवळच्या आपल्या खुर्चीत येऊन बसले. पुढच्या पेशंटला मी दोन वाक्यं सांगितली असतील नसतील, बोट वर.

विहारात रोज संध्याकाळी ते गल्लीतल्या बायकांना इंग्रजी शिकवायचे. एकदा त्यांनी मला तिथं बोलावलं. "बायकांना एक एक्सपर्ट जवळून दाखवायचा आहे," म्हणाले. जणू मी सर्कशीतला प्राणी. मी गेले, कारण न जाण्याचं कारण शोधेपर्यंत ज्योतीनं परस्पर हो म्हणून टाकलं होतं. दवाखान्यात निदान एकच बोट वर व्हायचं. तिथं सतरंजीवर बसलेल्या सगळ्या जणींची बोटं वर झाली. "मॅडम, आय ॲम अ लेमॅन. प्लीज एक्सप्लेन. पाळी गेल्यावर हाडं काहून दुखतात?" "मॅडम, आय ॲम अ लेमॅन. सलाईननं ताकद येते का?" सुरुवात इंग्रजीत, बाकी सगळं वऱ्हाडीत. बोलून बोलून माझ्या घशाला कोरड पडली. प्रत्येक उत्तरानंतर कोणीतरी एक उभी राहून ते आपल्या वाक्यात सांगायची, आणि चुकली की बाकीच्या तिला हसायच्या. सर फळ्याला टेकून उभे होते. परीक्षा माझी चालली होती आणि समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

वर्ग सुटला. बायका सतरंज्या गुंडाळायला लागल्या. मी वैतागून विचारूनच टाकलं, "सर, तुम्हाला हे खूळ लागलं कुठून?"

सर खडूचे हात झटकत बसले. मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला माझ्याशी बोलायचे तसं शाळेतलं मराठी होतं, ते हळूहळू सुटत गेलं.

"माझी बायको नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात होती. मी इंग्रजीचा शिक्षक आहे हे कोणीतरी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. बराच वेळ बोलले, चांगला माणूस होता. सगळे शब्द माझ्या ओळखीचे होते, डॉक्टर. पण त्यांचं काय करायचं ते कळेना. आमच्या घरात इंग्रजी शिकलेला मी पहिला. माझ्या बापानं गावभर सांगून ठेवलतं, माहा पोरगा साहेबावानी इंग्रजी बोलते म्हणून. मले समजलं नाही, असं कोन्या तोंडानं म्हनू? येस डॉक्टर, येस डॉक्टर करत राह्यलो."

बायकोला घरी सोडलं, म्हणजे ती बरी झाली असं सरांनी धरलं. ती रोज म्हणायची, मला मुकुटबनला न्या, मायला बघायचं आहे. मुकुटबन तिचं माहेर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गाड्या बदलत जायचं. सर म्हणायचे, आता परीक्षा आहेत, तू नीट बरी हो, उन्हाळ्यात जाऊ. परीक्षा संपायच्या आत ती गेली. ती गेली तेव्हा सर परीक्षेच्या वर्गात पहारा देत फिरत होते.

"मंग मी नागपूरले गेलो. त्या डॉक्टरशी भांडाले गेलतो. म्हटलं, तुम्ही सांगतलं काहून नाही? तो म्हणे, सर, मी सगळं सांगितलं होतं. दिवस थोडे आहेत, घरी न्या, त्यांना जिथे जायचं तिथे न्या, असं म्हणालो होतो. तुम्ही येस म्हणालात."

सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. बायका दाराशी सरांना जय भीम करून जात होत्या. सर प्रत्येकीला हात जोडत होते.

"सासू अजून आहे," बायका गेल्यावर ते म्हणाले. "पार म्हातारी झाली. तिले वाटते, पोरगी एकाएकीच गेली, कोनाले मालूम नव्हतं. मले मालूम होतं, डॉक्टर. म्हणजे मले सांगतलं होतं. तेव्हापासून मी मुकुटबनले गेलोच नाही. एकदा जाऊन तिले खरं सांगाचं आहे. या उन्हाळ्यात जाईन."

त्यानंतर मी सरांवर चिडणं सोडलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तसं काही झालं नाही. आता मला दोन गोष्टींसाठी चिडता यायला लागलं. एक त्या बोटासाठी, आणि दुसरं मुकुटबनसाठी. उन्हाळा आला की मी विचारायची, "सर, जाऊन आलात का?" सर म्हणायचे, "ऊन फार आहे हो यंदा. पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी शेजारी लग्न निघायचं, नाहीतर गल्लीतलं कोणीतरी आजारी पडायचं आणि त्याला माझ्याकडे आणायचं असायचं.

"दुसऱ्यांना वाक्यं करायला लावता," मी एकदा फाडकन म्हणाले, "आणि स्वतःचं एक वाक्य तुम्हाला म्हाताऱ्या बाईसमोर बोलता येत नाही?"

"त्या वाक्यात मी लेमॅन आहे," सर म्हणाले. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

मग एका हिवाळ्यात, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, सर दवाखान्यात आले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत न बसता पेशंटच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या मागे बघितलं. बरोबर कोणी नव्हतं.

"आज पेशंट कोण?"

"मीच."

डोळे पिवळे दिसत होते. पँट कमरेला चुण्या घालून बांधली होती. मी तपासलं आणि अमरावतीला स्कॅनसाठी पाठवलं. स्कॅनचे रिपोर्ट घेऊन ते परत आले तेव्हाही एकटेच होते. मी पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. खरं तर पहिल्याच ओळीत सगळं होतं.

"सर, लिव्हरमध्ये काही लीजन्स दिसतायत," मी म्हणाले. "प्रायमरी कुठे आहे ते बघावं लागेल. ऑन्कॉलॉजिस्टचं ओपिनियन घेऊ. स्टेजनुसार मग पॅलिएटिव्ह लाइननं पुढे जाता येईल."

हे सगळं मी रिपोर्टकडे बघत बोलले. वर पाहिलं तर कानाच्या पाळीपर्यंत बोट.

"डॉक्टर, मी लेमॅन आहे."

मी भडकले. खरंच भडकले. "सर, बरोबर कोणालातरी का नाही आणलं? गावाला बरोबर घेऊन फिरता, आणि स्वतःच्या वेळेला एकटे येता? शेवंताबाईंना आणायचं. कोणालाही आणायचं!"

"आमच्या गल्लीतून आतापर्यंत लेमॅन म्हणून मीच येत होतो," ते म्हणाले. "दुसरा कुठून आणू? पॅलिएटिव्ह. वाक्यात उपयोग करा."

मी एक वाक्य सुरू केलं, ते तपासण्यांकडे गेलं. दुसरं सुरू केलं, ते नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे गेलं. नागपूर म्हटल्यावर सरांचा चेहरा जरा हलला, पण बोट खाली आलं नाही. बाहेर ज्योती कोणाला तरी थांबा म्हणत होती. मी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"सर, हा कॅन्सर आहे. तो पसरला आहे. तो आता बरा होणार नाही. दुखेल, तेव्हा दुखणं कमी करायला औषध आहे, ते मी देईन. उन्हाळ्यापर्यंत तुम्ही असाल असं मला वाटत नाही."

असं वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना बाजूला घेऊन अर्धं सांगायचं, पेशंटला चौथाई, आणि उरलेलं इंग्रजीत ठेवायचं, अशीच आमची रीत. सरांनी बोट खाली घेतलं. थोडा वेळ ते टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"आता मी माझ्या वाक्यात सांगतो," ते म्हणाले. "मुकुटबनले उन्हाळ्यात जाईन म्हणत होतो. थे जमत नाही. या आठवड्यातच जाव लागन. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"दहापैकी सात," सर उठता उठता म्हणाले. "पहिल्या वाक्याचे तीन मार्क कापले."

मी त्यांना एकटं जाऊ नका म्हणून किती सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या बांधून दिल्या, त्या कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि त्यांनी विचारायच्या आत त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं. गोळ्या खिशात टाकून ते गेले. शेवंताबाईंनी मात्र त्यांचं काही न ऐकता आपला मुलगा गाडीभाडं न विचारता बरोबर पाठवला.

चार-पाच दिवसांनी ऐन ओपीडीत फोन वाजला. एरवी मी उचलत नाही. पण नंबर सरांचा होता.

"डॉक्टर, मुकुटबनहून बोलून राह्यलो. इथं शेजारी कोलामी बोलतात, मले एक अक्षर समजत नाही. इथं मी सगळ्यातच लेमॅन."

"सर, दुखतंय का?"

"दुखते. गोळी घेतली. ऐका ना. म्हातारीले सांगतलं."

माझ्या समोर खोकणारा पेशंट बसला होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं. "काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, तवा काहून नाई इचारलं बाबा त्या डॉक्टरले? मी म्हटलं, लाज वाटली. इंग्रजीचा मास्तर होतो ना मी." त्यांचा आवाज फोनवर बारीक येत होता. "मी म्हटलं, आता हे म्हातारी मले घराबाहेर काढन. तं उठली, चुलीजवळ गेली. म्हणे, मले पन कोनी सांगतलं नाई अन् म्याबी कोनाले इचारलं नाई. भाकर गरम आहे, जेवून घे."

"मग?"

"मंग काय, जेवलो."

मी फोन ठेवला आणि समोरच्या पेशंटला खोकल्याचं काय सांगत होते ते पार विसरले. त्यालाच विचारावं लागलं. त्यानं नीट सांगितलं, तेव्हा मीच दचकले.

सर मुकुटबनला काही दिवस राहिले आणि परत आले. मग मीच त्यांच्याकडे जायला लागले. गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीनं त्यांना सांभाळलं. मी औषध सांगितलं की खाटेवरून, आता उशीपासून जेमतेम वीतभर, बोट उचललं जायचं, आणि जी कोणी जवळ बसलेली असेल ती लगबगीनं आपल्या वाक्यात सगळं पुन्हा सांगायची. चुकली तर सर डोळ्यांनीच नाही म्हणायचे. शेवटी शेवटी कोणी चुकत नव्हतं. उन्हाळा लागायच्या आत सर गेले.

त्यानंतर दवाखान्यात फार शांत झालं. मी सांगायची, समोरचा मान डोलवायचा, चिठ्ठी घेऊन उठायचा. गर्दी भराभर हटायची. ज्योती एकदा म्हणाली, "मॅडम, आजकाल आपण लवकर घरी जातो, नाही?" मी तिच्यावर विनाकारण खेकसले. भिंतीजवळची खुर्ची रिकामीच असते म्हणून तिनं बाहेर नेली होती, ती मी पुन्हा आत आणून ठेवायला लावली. त्या खुर्चीवर पेशंट आपल्या पिशव्या ठेवायला लागले, आणि ते बघून मला रोज नव्यानं राग यायचा. कुणाचा, ते विचारू नका. सरांची आठवण फार यायची, एवढंच खरं.

मग परवाच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढत शेवंताबाई आत आल्या. बरोबर गल्लीतली नवी सून, पहिलटकरीण, खाली मान घालून. शेवंताबाईंनी खुर्चीवरच्या पिशव्या उचलून खाली ठेवल्या आणि पदर खोचून खुर्चीत ऐसपैस बसल्या. मी मुलीला तपासलं. रक्त कमी होतं. "हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू करा, डाएट सुधारा," असं म्हणत मी चिठ्ठी लिहायला घेतली. मुलीनं जोरजोरात मान डोलावली.

"मॅडम, एक मिनिट."

मी वर पाहिलं. शेवंताबाईंचं बोट कानाच्या पाळीपर्यंत गेलं होतं.

"मी लेमॅन आहो. इले समजन असं सांगा. मंग हे पोरगी तिच्या वाक्यात सांगन, तवाच आमी उठू. अन् उद्या मी नाई, दुसरी येईन. आमी पाच जनीनं दिवस वाटून घेतले."

बाहेर कोणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला. ज्योतीनं पडदा बाजूला करून घड्याळाकडे बोट दाखवलं. माझ्या डोळ्यावरची शीर ठणकायला लागली. एक सर परवडले होते, त्यांनी जाताना माझ्या डोक्यावर पाच जणी बसवून ठेवल्या होत्या.

मी पेन खाली ठेवलं आणि त्या मुलीला विचारलं, "तुझ्या घरी सकाळी काय शिजतं ग?"